पाच रुपयांचा पेन पार्सलने येत नाही

आज आपण वह्या-पेनांच्या दुकानाबद्दल बोलणार आहोत. आपल्याकडे त्याला कुणी बुक डेपो म्हणतं, कुणी नुसतं झेरॉक्सवाला म्हणतं, आणि पाटीवर लिहिलेलं असतं जनरल स्टोअर्स. लिंबागणेशच्या बाजूला बचत गटांच्या बैठकीत हा विषय निघाला तो असा. एका बाईला गटातून कर्ज घेऊन असं दुकान टाकायचं आहे. बाकीच्या विचारतात, आता तर सुईपासून सायकलीपर्यंत सगळं मोबाइलवर मागवता येतं. मग वह्या-पेन घ्यायला दुकानात येणार कोण? दुकान चाललं नाही तर हप्ता कुठून भरायचा?

प्रश्न रास्त आहे. कर्ज एकीच्या नावावर असलं तरी त्यात दहाजणींची बचत असते. म्हणून ऑनलाइनच्या जमान्यात ही दुकानं कशावर चालतात, त्यांचा नफा नेमका कुठून येतो, आणि कुठे ती फसतात, हे जरा खोलात जाऊन बघू.

आधी एक गोष्ट मान्य करू. माल सगळीकडे सारखाच आहे. कॅम्लिनचा कंपास घ्या. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून हा धंदा सुरू केला, आणि आता त्या कंपनीचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीकडे आहे. तो कंपास लिंबागणेशच्या दुकानात घेतला काय आणि मोबाइलवर मागवला काय, डबी तीच, आतला कर्कटक तोच. उलट मोबाइलवर चार रुपये कमीच दिसतील, कारण तिथला व्यापारी हजारोंनी उचलतो आणि आपला दुकानदार बीडहून डझनाने आणतो. नुसत्या भावाची स्पर्धा लावली तर गावातलं दुकान हरणारच. तरीही ती दुकानं उघडी आहेत. का?

पहिलं कारण अगदी साधं आहे. पाच रुपयांचा एक पेन पार्सलने पाठवणं कुणालाच परवडत नाही. पेन पाच रुपयांचा असला तरी तो पाकिटात घालायचा, पत्ता चिकटवायचा, गाडीत टाकायचा, एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचा आणि माणसाने दारापर्यंत द्यायचा. हा सगळा खर्च पेनाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून मोबाइलवर बघा, एक पेन सहसा मिळतच नाही. दहाचं पाकीट मिळतं, वीसचं मिळतं, वह्यांचा सहाचा संच मिळतो. आता तिसरीतल्या पोराचं खोडरबर हरवलं, तर त्याला वीस खोडरबरं कोण घेऊन देणार? एक खोडरबर, एक रिफिल, एक कार्डशीट, चार फुलस्केप कागद ही सुटी विक्री गावातल्या दुकानाची आहे आणि ती कुणी हिसकावलेली नाही.

कागदाचं तर वजनही भारी असतं. झेरॉक्सला लागतो त्या ए-फोर कागदाच्या एका रीममध्ये ५०० पानं असतात, आणि ७५ जीएसएमचा कागद असेल तर ती रीम साधारण सव्वादोन-अडीच किलो भरते. वह्यांचं गाठोडं तर उचललं की कळतंच. एवढं वजन लांबून पाठवायचं म्हणजे भाड्यातच नफा जातो. कागद जितका कमी प्रवास करील तितका तो परवडतो.

दुसरं कारण वेळेचं. शाळेतली मागणी आदल्या रात्री कळते. पोरगी जेवायला बसते आणि म्हणते, आई, बाईंनी उद्या चाररेघी वही आणायला सांगितली आहे, नाहीतर वर्गाबाहेर उभं करतील. एखाद्याला प्रकल्पासाठी हिरवा घोटीव कागद लागतो, एखाद्याला नकाशा भरायला कोरा महाराष्ट्र लागतो. मोबाइलवर मागवलं तर ते दोन-चार दिवसांनी येणार. बीडला जायचं तर एसटीला १७ मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, हे खरं. पण तिकीट अर्धं असलं तरी दिवस पूर्ण जातो. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी धरली तर एका दिवसाचे ३१२ रुपये होतात. वहीमागे पाच रुपये वाचवायला तेवढा रोज बुडवायचा, हे गणित कोणत्याही बाईला तोंडी करता येतं.

आणि त्यातही माहितीची गोष्ट आहे. गावातल्या चांगल्या दुकानदाराला ठाऊक असतं की पहिलीच्या वर्गाला दुरेघी लागते की चाररेघी, गणिताच्या सरांना चौकटीची वही चालते की कोरी, आणि प्रयोगवही कोणत्या मापाची लागते. चुकीची वही मोबाइलवरून आली तर ती परत करायची कटकट. दुकानातून चुकीची गेली तर पोरगं मधल्या सुट्टीत येऊन बदलून नेतं.

पण सगळंच दुकानाच्या बाजूचं आहे असं समजू नका. दप्तर, पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, कॅल्क्युलेटर, भेट द्यायचे भारी पेन, रंगांची मोठी पेटी, ही गिऱ्हाइकं मोबाइलने मोठ्या प्रमाणात नेली आहेत. या वस्तू महाग असतात, हलक्या असतात, आणि त्यात बघायला शंभर नमुने लागतात. गावातलं दुकान दहा दप्तरं टांगतं, मोबाइलवर हजार दिसतात. आमचं मत विचाराल तर नव्या दुकानाने दप्तरांत पैसा घालूच नये. दोन-चार ठेवावीत, ज्याला आजच हवं त्याच्यासाठी. दप्तर विकलं नाही की वर्षभर धूळ खात टांगलेलं राहतं, आणि पुढच्या जूनमध्ये पोरांना त्याच्यावरचं चित्र जुनं वाटतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अशा दुकानात बाहेरून वह्या-पेन दिसतात, पण दुकानाचं भाडं आणि घरातलं मीठ-मिरची बऱ्याचदा कोपऱ्यातल्या यंत्रावर चालते. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, अर्ज भरून देणं. ही कामं वस्तू नाहीत, ती तिथल्या तिथे करून द्यावी लागतात.

एका पानाचा हिशोब मांडू. समजा रीम २५० रुपयांना पडली, तर एक पान ५० पैशांचं. शाई म्हणजे टोनर, वीज आणि दुरुस्ती मिळून अजून ५० पैसे धरू. पानाचे २ रुपये घेतले तर हातात १ रुपया राहिला. वहीवर हाच १ रुपया मिळवायला जास्त भांडवल अडकतं. म्हणजे झेरॉक्सचा धंदा चांगला दिसतो. पण थांबा. समजा यंत्र ६०,००० रुपयांना पडलं. पानामागे १ रुपया सुटतो, तर यंत्राची किंमत निघायला ६०,००० पानं काढावी लागतील. रोजची १०० पानं निघाली तर ६०० दिवस, सुट्ट्या धरून जवळजवळ दोन वर्षं. रोजची ५० निघाली तर चार वर्षं, आणि तोवर यंत्रच थकलेलं असतं.

यात व्याज धरा. गटाच्या अंतर्गत कर्जाला महिन्याला शेकडा २ रुपये असेल, तर ६०,००० वर महिन्याचं व्याज १,२०० झालं. म्हणजे रोजची पहिली ४० पानं नुसती व्याजासाठी काढायची. हेच कर्ज उमेद अभियानाच्या गटाला बँकेतून वर्षाला ७ टक्क्यांनी मिळालं, तर महिन्याचं व्याज ३५० रुपये होतं, रोजची १२ पानं. ४० आणि १२. दुकान तेच, यंत्र तेच, गिऱ्हाईक तेच. केवळ पैसा कुठून आणला यावर एक दुकान तगतं आणि एक मोडतं. म्हणून वर्गणीतून घाईने कर्ज उचलण्याआधी बँक सखीला विचारा.

कागदपत्रांच्या कामाला कसा अचानक पूर येतो, ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ ला निघाला आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, फोटो, हमीपत्र. एकेका बाईची सहा-सात पानं. त्या जुलै-ऑगस्टमध्ये गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांपुढे रांगा होत्या. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या खरिपापासून, एक रुपयात पीकविमा आला आणि त्याचेही अर्ज सेवा केंद्रांवर भरले गेले. मोबाइलवर खरेदी वाढली त्याच वर्षांत, एका बाजूने, सरकारी कामही मोबाइलवर आणि संगणकावर गेलं. ज्यांना ते जमत नाही त्या सगळ्या माणसांना कुणीतरी करून देणारा लागतो. ऑनलाइनने दुकानाचं दप्तराचं गिऱ्हाईक नेलं आणि अर्जाचं गिऱ्हाईक आणून दिलं, असंच म्हणायला हवं.

पण या पुरावर दुकान बांधू नका. एक रुपयाचा पीकविमा २०२५ च्या खरिपात राहिला नाही. योजनेची मुदत संपते, रांग संपते. पुराच्या महिन्यातली कमाई बघून दुसरं यंत्र घेतलं तर ते उरलेले दहा महिने कपडा टाकून झाकून ठेवावं लागतं.

इथे पैशाएवढीच मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे भरवसा. लाडकी बहिणीचा अर्ज मोफत होता, तरी ठिकठिकाणी तो भरायला जादा पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. पीकविम्यातही तेच. झेरॉक्सचे आणि प्रिंटचे पैसे घेणं वेगळं, आणि मोफत अर्जाचे पैसे घेणं वेगळं. दुकानात दरांची पाटी लावली तर हा वाद उठत नाही. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून जातो तेव्हा आपणही जागरूक राहायला हवं. आधारची बिघडलेली प्रत दुकानातल्या टोपलीत टाकून येऊ नका, घरी आणा किंवा फाडून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवून प्रिंट काढली, तर काम झाल्यावर दुकानदाराच्या फोनमधून तो पुसायला सांगा. सप्टेंबर २०२५ पासून लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला मोबाइलवर आकडे येऊ लागले. ते आकडे कशासाठी आले आहेत ते वाचल्याशिवाय, किंवा कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय, सांगायचे नाहीत. दुकान बाईचं असेल तर तिथे बायका जास्त मोकळेपणाने विचारतात. नवऱ्याचं नाव कुठे लिहायचं, खातं कोणत्या बँकेला जोडलं आहे, असलं काहीही. पॅडचं पाकीट घ्यायलाही पोरी तिथे लाजत नाहीत. हे गिऱ्हाईक एकदा बांधलं गेलं की दोन रुपयांसाठी दुसरीकडे जात नाही.

आता उधारीचं. बीड जिल्ह्यात या विषयाशिवाय दुकानाची गोष्ट पूर्ण होत नाही.

आपल्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात. नेमकं त्याच वेळी पेरणीचं बी-खत आणायचं असतं. घरातला होता नव्हता तो पैसा शेतात जातो आणि त्याच आठवड्यात दोन पोरांच्या वह्या, कंपास, पट्टी घ्यायची असते. मोबाइलवरच्या दुकानाला हे सांगून उपयोग नाही. तिथे पैसे आधी द्या किंवा पार्सल दारात आल्यावर द्या. गावातला दुकानदार म्हणतो, न्या, सोयाबीन झाल्यावर द्या. कुणाचं सोयाबीन, कुणाचा कापूस, आणि कुणाची मुकादमाकडून मिळणारी उचल. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघण्याआधी उधारी फिटली तर फिटली. नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये लोक परत येईपर्यंत वाट बघायची.

म्हणजे उधारी हेच गावातल्या दुकानाचं सर्वात मोठं बळ आहे. आणि दुकानं बुडतातही त्यानेच. आकड्यांत बघा. समजा जूनमध्ये ४० घरांना प्रत्येकी ५०० रुपयांचा माल उधार दिला. झाले २०,००० रुपये. त्यात दुकानाचा नफा शेकडा १५ धरला तर ३,००० आणि मालाची खरेदी १७,०००. हे १७,००० महिना शेकडा २ ने आणले असतील, तर जून ते दिवाळी पाच महिन्यांचं व्याज १,७०० झालं. राहिले १,३००. आता ४० पैकी फक्त ४ घरांनी पैसे बुडवले तर २,००० गेले. १,३०० मधून २,००० कसे जातील? ७०० खिशातून. चाळीस घरांना वह्या दिल्या, पाच महिने वाट बघितली, दारोदार मागायला गेलो, आणि वर ७०० रुपये आपल्याच पदराचे गेले.

म्हणून ज्यांना धंदा कळतो ती माणसं उधारी बंद करत नाहीत, तिला कुंपण घालतात. एका घराला किती रुपयांपर्यंत द्यायचं ते आधी ठरवतात. निम्मे रोख घेतात, निम्मे मांडून ठेवतात. मागची बाकी फिटल्याशिवाय पुढचं देत नाहीत. आणि मांडलेलं घेणाऱ्याच्या समोर वाचून दाखवतात. गटाच्या बायकांना हे शिकवायला नको. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोब लिहिणं, ही पंचसूत्री आपण पाळतोच. तीच दुकानात आणायची. मात्र नात्यागोत्याच्या गावात हे सांगणं सोपं आणि जावेच्या पोराला वही नाकारणं अवघड, हे आम्हालाही कळतं. ज्या घरांत दरमहा १,५०० रुपये खात्यावर येऊ लागले, तिथे थोडं थोडं फेडून घेण्याची सोय झाली आहे. फोनवरून, म्हणजे यूपीआयने, खात्यातून पैसे आले तर त्यावर दुकानदाराला कमिशन द्यावं लागत नाही. शंभर-शंभर रुपयांनी बाकी उतरवायला ते बरं पडतं.

ऊसतोडीच्या महिन्यांची दुसरी बाजूही आहे. घरंच्या घरं बाहेर गेली की शाळेतली पोरं कमी होतात, तसं दुकानातलं गिऱ्हाईकही कमी होतं. अशा दिवसांत ज्याच्याकडे वह्यांशिवाय दुसरं काही आहे तोच टिकतो. संक्रांतीला वाणाचं सामान, राखीला राख्या, गौरी-गणपतीला सजावटीचा कागद. लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचं देऊळ आहे, चतुर्थीला बाहेरगावची माणसं येतात. त्या दिवशी दुकानाच्या दारात काय मांडायचं याचा विचार करणारी बाई वहीच्या नफ्यावर अवलंबून राहत नाही.

सरकारच्या एका निर्णयाने हा धंदा कसा हलतो तेही सांगायला हवं. २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांतच प्रत्येक धड्यानंतर कोरी पानं घालायचं ठरलं, दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि वह्यांचा खर्च वाचावा म्हणून. वही विकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. पण पोरं वह्या आणतच राहिली, आणि २०२५-२६ पासून ती कोरी पानं बंद झाली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि रंगीत खडूंवरचा जीएसटी शून्य झाला. आपल्यासाठी चांगलं. पण छपाईच्या नि झेरॉक्सच्या साध्या कागदावर तो १२ वरून १८ टक्के झाला. म्हणजे एकाच दुकानात वही उतरली आणि झेरॉक्सचा कागद चढला. वरच्या हिशोबात आम्ही पान ५० पैशांचं धरलं आहे. तुम्ही हिशोब कराल तेव्हा त्या दिवसाचा भाव विचारून धरा. आणि नुसती मालाची विक्री करणाऱ्या, वर्षाला ४० लाखांच्या आतली विक्री असलेल्या छोट्या दुकानाला जीएसटीची नोंदणी करावी लागत नाही, हेही ध्यानात ठेवा. कुणी एजंट भीती घालून पैसे मागायला लागला तर कामाला येईल.

ही गोष्ट फक्त आपल्याच गावची नाही. अमेरिकेत स्टेपल्स नावाचं ऑफिसच्या सामानाचं मोठं दुकान १९८६ साली सुरू झालं, मग त्याच्या शेकडो शाखा झाल्या. ऑनलाइन खरेदी वाढल्यावर २०१४ मध्ये त्यांनी २२५ पर्यंत शाखा बंद करण्याचं जाहीर केलं, आणि २०१७ मध्ये कंपनीच विकली गेली. तरी उरलेल्या शाखा चालू आहेत. कशावर? छपाई करून देणं आणि पार्सल पाठवणं, अशा कामांवर. गंमत अशी की २०२४ पासून ॲमेझॉनवरून मागवलेल्या आणि नको झालेल्या वस्तू परत द्यायला लोक स्टेपल्सच्याच दुकानात जातात. ज्याने धंदा खाल्ला त्याचंच गाठोडं सांभाळून हे गिऱ्हाईक मिळवतात. आपल्याकडेही ॲमेझॉनने २०१५ पासून गावा-शहरांतल्या छोट्या दुकानांना पार्सल ठेवायचं आणि पोचवायचं काम द्यायला सुरुवात केली. दर पार्सलला काही रुपये मिळतात. पार्सल घ्यायला आलेलं माणूस एखादी वहीही घेऊन जातं. गावाला असं काम मिळत असेल तर त्यात कमीपणा नाही.

पुण्या-मुंबईच्या दुकानांचं दुखणं आपल्याहून वेगळं आहे. तिथे दहा-पंधरा मिनिटांत सामान घरी आणून देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत, त्या पेनही आणतात आणि काही ठिकाणी प्रिंटसुद्धा काढून आणतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या जुन्या बाजाराला गर्दी असते ती तिथे एकाच ठिकाणी सगळं मिळतं म्हणून. गल्लीतल्या एकट्या दुकानाची मात्र 'लगेच मिळतं' ही खासियत शहरात संपत चालली आहे. आपल्या वाड्या-वस्त्यांवर ती अजून शाबूत आहे.

ठोक गिऱ्हाइकाचं म्हणाल तर त्यात एक दार बंद झालं आहे. सरकारी कार्यालयांची मोठी खरेदी आता जेम नावाच्या सरकारी ऑनलाइन बाजारातून होते. तो बाजार २०१६ साली सुरू झाला. तेव्हा तहसीलची ऑर्डर मिळेल या आशेवर माल भरू नका. पण गावात किती कागद लागतो ते मोजून तर बघा. अंगणवाडी, शाळा, सोसायटी, दूध संकलन, पतसंस्था, आणि आपले गट. एका गटाला इतिवृत्ताची वही, बचत-कर्जाची नोंदवही, रोकडवही, आणि प्रत्येक सभासदाचं पासबुक लागतं. वर ठरावाच्या प्रती आणि बँकेच्या कागदांच्या प्रती. ग्रामसंघातल्या सगळ्या गटांनी वर्षाचं सामान एकदम, एकाच दुकानातून घ्यायचं ठरवलं, तर त्या दुकानाला बांधीव गिऱ्हाईक मिळतं आणि गटांना भाव कमी करून मागता येतो. स्पष्टच सांगतो, डझनांनी घ्यायचं असेल आणि भावात खूपच फरक असेल, तर बीडच्या ठोक दुकानातून किंवा मोबाइलवरून जरूर घ्या. गटाचा पैसा आहे. पण एक करा, गावातल्या दुकानाला आधी भाव विचारा. बऱ्याचदा आपण न विचारताच ते महाग आहे असं धरून चालतो.

आणि एक कमाई हिशोबात धरायची नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की काही झेरॉक्सच्या दुकानांत बारीक अक्षरांच्या 'मायक्रो' प्रती निघतात, हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. परीक्षेच्या वेळी केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला लावतात ती त्यामुळेच. त्या दिवसांत धंदा बुडतो हे धरूनच वर्षाचं गणित मांडा. शाळेच्या फाटकासमोरची जागा जूनमध्ये सोन्याची असते आणि परीक्षेत कुलूप लावायची. जागा घेताना हे आठवा.

तर त्या बाईने काय करावं? कर्ज घेण्याआधी तिने, आणि गटातल्या अजून एकीने, पंधरा दिवस मोजणी करावी, असं आम्हाला वाटतं. शाळा सुटायच्या वेळी आणि बँकेच्या, दवाखान्याच्या वेळी रस्त्यावर बसायचं. किती पोरं जातात, गावातली चालू दुकानं रोज साधारण किती प्रती काढतात, लोक कोणत्या कामासाठी मांजरसुंब्याला किंवा बीडला जातात, ते वहीत लिहायचं. जे काम करायला लोक एसटीत बसतात, तेच दुकानात आधी ठेवायचं. रोज ५० पानंच निघतील असं दिसलं तर मोठं यंत्र न घेता छोटा प्रिंटर घेऊन सुरुवात करायची, म्हणजे कर्ज लहान राहील. दुकान भाड्याने न घेता घराच्या पुढच्या खोलीत जमतं का ते बघायचं. जूनचा माल मेमध्ये भरावा लागतो. तेव्हा कर्जाचा पहिला हप्ता जूनपासून न धरता दसऱ्यानंतरचा धरता येईल का, हे गटाच्या बैठकीत आधीच बोलून इतिवृत्तात लिहून ठेवायचं. आणि ४० घरांची जी यादी वर मांडली, ती तिने नावानिशी करावी. कुणाला उधार द्यायचं, किती, आणि कुणाला हात जोडून नाही म्हणायचं. ती यादी गटात दाखवायची गरज नाही. तिच्या गल्ल्यात राहू द्या.